ऐंशीच्या पुढची खडखड

५ फेब्रुवारी

निवृत्तीच्या दिवशी साहेब म्हणाले होते, "धनराज, आता लॉगबुक लिहायची कटकट संपली." कटकट संपली, सवय नाही संपली. उभी नोकरी वनखात्याची जीप चालवली आणि रोज संध्याकाळी कुठून कुठे गेलो, गाडीला काय झालं, ते लिहीत आलो. आता स्वतःच्या गाडीचं लिहितो. इथे साहेबाची सही लागत नाही, म्हणून मनात येईल तेही लिहीन.

गाडी जुनी आहे. आलापल्लीच्या एका ठेकेदाराकडून घेतली. उंच, पांढरी, मागे लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगा असलेली. गोकुळा तिला म्हैस म्हणते. "उठाले टाइम लावते, अन् एकदा निंघाली का कोणाचं आयकत नाई." नवऱ्याबद्दलही ती चारचौघांत हेच सांगते.

काल गोकुळाला नागपूरला नेऊन आणलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली होती, ते दुखणं आता मणक्यात उतरलंय. डॉक्टरीणबाईंनी तीन-तीन आठवड्यांनी एक अशा सहा सुया सांगितल्या आहेत, पहिली काल झाली. त्या झाल्या की सुटलो. मला सुईची धास्ती नाही, रस्त्याची आहे. अहेरी ते नागपूर म्हणजे पहाटे निघावं आणि दुपार होऊन जावी. प्रत्येक खड्डा थेट तिच्या पाठीत जातो. काल ती हूं की चूं बोलली नाही, पण आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. माझ्याच्याने नंतर आरशात बघवेना.

जंगलातला रस्ता मला येतो. तिथे चाळीसच्या वर गेलोच नाही कधी. सांबर आडवं येतं, अस्वल आडवं येतं आणि मागे साहेब झोपलेले असतात. पण उमरेडच्या पुढे चौपदरी आहे. तिथे चाळीसने चाललं की ट्रकवाले मागून हॉर्न मारून जीव खातात. म्हणून ऐंशीवर नेली. तर स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं, आणि मागून कुठून तरी अशी खडखड सुरू झाली की जणू कुणी स्वयंपाकघरच गाडीत बसवलंय. साठावर आणली की दोन्ही बंद. पण साठाने गेलं तर तिला तेवढा वेळ जास्त बसावं लागतं, आणि बसणंच तिला सोसत नाही.

ही थरथर आणि ही खडखड मी काढणार. डॉक्टरचं काम डॉक्टर करतील, एवढं माझ्या हातातलं आहे.

९ फेब्रुवारी

आज मूल गावी पवनच्या गॅरेजात दिवस काढला. पवनने टायर बघून मान हलवली.

"काका, वरून चांगले दिसतेत, पण वय झालं त्याहीचं. हे बाजूच्या चिरा पाहा."

"असे टायर मी जंगलात वर्षानुवर्षं चालवले रे."

"तिथी तुमी चाळीसनं जात होते. ऐंशीवर रबर तापते."

नवे टायर टाकले. चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, शॉकअप बदलले. थरथर चाकांचीच होती, ती गेली. खडखडीचा मात्र पत्ता लागेना. पवन गाडीखाली झोपून पाट्यांचे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, हलवून आला आणि म्हणाला, "बुश तर मजबूत हायेत, काका." मी म्हटलं, तरी बदल. गाडी मी चालवतो, आवाज मी ऐकतो.

गॅरेजात ऐंशीवर कोण पळवून बघणार, म्हणून त्याला तो आवाज ऐकवता आला नाही. आज गोकुळा सोबत नव्हती आणि येताना सरळ रस्त्यावर मी जरा दामटून पाहिली, तर खडखड थोडी कमीच वाटली. बुशच असणार.

२७ फेब्रुवारी

दुसरी सुई काल झाली, आज परत आलो.

जाताना मूलमध्ये गोकुळा म्हणाली, "अन्नपूर्णाबाईकडे थांबा जरा." अन्नपूर्णाबाई आमच्या आलापल्लीच्या क्वार्टरमधल्या जुन्या शेजारीण. मी म्हटलं, आधीच उशीर झालाय. पण आजारी माणसापुढे किती बोलणार? तिने मधल्या सीटखालून एक कापडी पिशवी ओढून काढली. पिशवी जड होती, दोन्ही हातांनी धरली होती. मी घ्यायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या. बायकाचं सामान हाये."

मधल्या सीटखालची जागा तिची आहे. तिथे तिची औषधं, रिपोर्ट, लुगडी असतात. मी बायकांच्या सामानात हात घालत नाही.

ती आत गेली, मी चाकं ठोकून बघत बसलो. चांगला अर्धा तास गेला. दोघी बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल. गोकुळाच्या हातात पिशवीची घडी होती.

"काय देलं येवढं?" मी विचारलं.

"तिचंच तिले देलं."

बायकांचं बोलणं बायकांनाच कळतं. मी गाडी काढली. आणि उमरेडच्या पुढे ऐंशीवर नेली तर काय, खडखड निम्म्यावर! तिथूनच पवनला फोन लावला. म्हटलं, ऐक, बुशच होते. तो म्हणाला, "बरं काका." मागे गोकुळा तोंडाला पदर लावून हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसली. मला वाटलं, आवाज कमी झाला म्हणून तिलाही बरं वाटलं असेल.

एक लिहायचं राहिलं. सिंदेवाहीजवळ म्हणाली, "आज चिमूरवरून चला ना. चिमूरवरून भिसी, अन् भिसीवरून उमरेडलेच निंघते ना रस्ता?" मी सांगितलं, तो रस्ता अरुंद, वळणावळणाचा, ब्रेकरच ब्रेकर, तुझ्या पाठीला झेपायचा नाही. हे खरंच आहे. चिमूरला माझी मोठी बहीण शकुबाई राहते हेही खरं आहे. माय शेवटी तिच्याकडेच होती. ती गेली तेव्हा मी सिरोंच्याकडे साहेबांच्या दौऱ्यावर होतो, पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तेरवीच्या दिवशी भरल्या मांडवात शकुबाई म्हणाली, "तुले गाडीच प्यारी रे. मायचं तोंड पाहाले तुले टाइम नाई भेटला." मी भरल्या ताटावरून उठलो. त्यानंतर चिमूरच्या दिशेने गाडी वळली नाही आणि वळणारही नाही.

५ मार्च

सकाळी बाजारातून आलो तर गोकुळा चुलीपुढे पाट टाकून जवस भाजत बसलेली. पाठ सरळ होत नाही, एक हात भिंतीला. मी चांगलाच ओरडलो. म्हटलं, मी इकडे गाडीत उशा कुठे ठेवायच्या याचा विचार करतोय आणि तू इथे मणका मोडून घेतेस. ती भाजणं संपवूनच उठली.

मग म्हणाली, "उद्या लाखोळीची डाळ आणजा. चांगली पाहून."

"कोण खाणार हाये इथी? तुले तर दोन घास जात नाई."

"खाणारे हायेत."

दुपारी तिला मागे झोपवून गावाबाहेर चक्कर मारली. ब्रेकरची तालीम करायची होती. लोक ब्रेकरवर चढेपर्यंत ब्रेक दाबून ठेवतात, तिथेच चुकतात. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली बसलेलं असतं आणि सगळा धक्का अंगावर येतो. आधीच वेग मारायचा आणि चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडून द्यायचा. गाडी आपोआप उठते आणि बसते. चार-पाच वेळा केलं. शेवटी गोकुळा म्हणाली, "आता ब्रेकर आला कवा अन् गेला कवा, समजलंच नाई." मला कुणी शाबासकी दिल्यासारखं झालं.

टपावरची लोखंडी जाळीही काढून टाकली. उंच गाडीवर वर वजन नको, वळणावर झुकते. जे न्यायचं ते खाली.

१९ मार्च

तिसरी सुई. यावेळी जाताना गोविंदाकडे थांबलो. गोविंदा गोकुळाचा धाकटा भाऊ. त्यांचं गाव सिंदेवाहीच्या आत, तलावाच्या काठाला. बापापासून सगळे त्याच तलावावर जाळं टाकत आलेले. मी म्हटलं होतं, आतला रस्ता कच्चा आहे, येताना बघू. ती म्हणाली, "येताना मले होश राहत नाई. जातानाच जाऊ." मग वीसच्या वेगाने, एकेक दगड चुकवत नेली.

पुन्हा सीटखालून पिशवी निघाली. यावेळी दोन फेऱ्या झाल्या, दुसरी पिशवी गोविंदाच्या बायकोने येऊन नेली. गोविंदा गाडीपाशी माझ्याजवळ उभा राहिला. पायाने माती उकरत होता.

"भाऊजी, डॉक्टर काय म्हणतेत?"

"आजची धरून चार राहिल्या. मंग मोकळे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मग गोकुळा म्हणाली तिला डोंग्यात, त्याच्या लाकडी होडीत, बसायचंय. मी नाहीच म्हणत होतो. गोविंदाने तिला लहान लेकरासारखी उचलून डोंग्यात ठेवली आणि दोघं कमळांच्या कडेने एक फेरा मारून आली. मी काठावर उभा राहून उशीर मोजत होतो. ती उतरली तेव्हा तिचा चेहरा लग्नात होता तसा झाला होता. मला उगीच चिडचिड झाली, कारण माझ्या गाडीतून उतरताना तो तसा कधीच नसतो.

चौपदरीवर ऐंशी. खडखड जवळजवळ गेली! आता फक्त बारीक किणकिण राहिली आहे, पायातल्या चांदीच्या पट्ट्यांसारखी. शॉकअप बसायला थोडे दिवस लागतात म्हणतात, ते बसले असणार.

मुक्काम दीपिकाच्या खोलीवर. आमची दीपिका नागपूरला नर्सिंग शिकते. मी गाडी धुऊन वर गेलो तर मायलेकी एकदम गप्प झाल्या. लग्नाचं चाललं असेल. पोट्टीने कुणी पाहून ठेवला असेल तर ठेवू दे. माझी हरकत नाही, पण आधी आईचं निभू दे.

९ एप्रिल

काल जे झालं ते कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहितो.

गेल्या वेळी येताना गोकुळा फार कण्हत होती. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. जंगलात नदीची वाळू ओलांडताना आम्ही चाकांतली हवा कमी करायचो. टायर पसरतो, गाडी मऊ होते. म्हटलं, हवा कमी केली तर तिला धक्के लागणार नाहीत. काल सकाळी चौथ्या सुईला निघताना चारही चाकांतली हवा सोडली. मूलपर्यंत गाडी अशी मऊ चालली की गोकुळाला डुलकी लागली. मी स्वतःवर खूष.

उमरेड ओलांडलं. ऊन नुसतं पेटलेलं. ऐंशीवर गाडी जड वाटायला लागली, स्टेअरिंगचं सांगणं तिला उशिरा कळायला लागलं. पुढच्या ट्रकने एकाएकी लेन बदलली, मी थोडंसं वळवलं, तर गाडी त्या बाजूला झुकली आणि परत उलट्या बाजूला झुकली. दोन-तीनदा अशी डुलली. मी ब्रेक न मारता नुसता पाय उचलला, स्टेअरिंग घट्ट धरलं, म्हणून वाचलो. बाजूला घेतली. टायरला हात लावला तर हात भाजला. जरा पुढे गेलो असतो तर फुटला असता, आणि एवढी उंच गाडी उलटायला वेळ लागत नाही.

मी तिथेच रस्त्याकडेला बसलो. माझ्या हातून मी तिला मारलं असतं. गोकुळाने काच खाली केली.

"काय झालं?"

"हवा कमी होती. मीच कमी केली होती. तुले धक्के लागू नाई म्हणून."

ती मग म्हणाली, "इकडे या." जवळ गेलो तर तिने खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. रस्त्यावर, दिवसाढवळ्या, सगळ्या ट्रकवाल्यांसमोर.

"मऊमऊ करून माणूस कुठी वाचते का हो? तुमी कायले येवढा जीव काढता?"

"मंग काय करू?"

"चिमूरवरून चला म्हणलं होतं," ती म्हणाली. "तेच करा."

मला वाटलं उन्हाने तिला भोवंडल्यासारखं झालंय. चिमूरचा फाटा तर केव्हाच मागे पडला होता. हळूहळू पुढच्या दुकानापर्यंत नेली, टायर थंड होऊ दिले, पुरी हवा भरली. यापुढे हवा सकाळी, गाडी थंड असतानाच पाहायची, आणि कंपनीने लिहिली आहे तेवढीच ठेवायची. धक्के तिच्या पाठीखालच्या गोधड्यांनी घेतील, टायरने नाही.

३० एप्रिल

आनंदाची बातमी. पाचवी सुई द्यायला नेली होती, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सुई नको. घरी न्या, आराम करू द्या, खावंसं वाटेल ते द्या. दुखणं थांबायला अंगावर चिकटवायच्या पट्ट्या दिल्या. परत कधी आणू विचारलं तर म्हणाल्या, "आणायची गरज नाही." सहा सांगितल्या होत्या, चारमध्येच काम झालं! मी खाली जाऊन पेढे घेऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवला, त्यांना गोड चालत नसेल. दीपिका पेढा घेऊन बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही. गोकुळाने मात्र अर्धा खाल्ला, अर्धा मला भरवला.

येताना गाडी अशी चालली की काय सांगू. हवा बरोबर, चाकं बरोबर, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. ऐंशीवर काटा ठेवला तर पेल्यातलं पाणी हललं नसतं. पट्टीने तिचं दुखणंही थांबलं होतं.

"गोकुळा, कशी वाटते?"

"डोंग्यावानी," ती म्हणाली. "पाण्यावरून जाऊन राह्यलो असं वाटते."

तीन महिने राबलो त्याचं सोनं झालं. मी म्हटलं, आता फक्त ती किणकिण राहिली, पवनकडे एक दिवस टाकली की तीही काढतो.

"राहू द्या तेवढी," ती म्हणाली. "सोबत होते."

नागभीडच्या अलीकडे तिने पुन्हा विचारलं, "चिमूरले जाऊन जाऊ का?" उन्हं उतरत होती. मी म्हटलं, आज दगदग नको, तू बरी झालीस की पुढच्या वेळी नक्की. जरा बरं वाटत होतं म्हणून मीही मोठ्या मनाने म्हणून गेलो.

"पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी. पक्कं."

"बरं," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

४ मे

पेज सुद्धा जात नाही. उन्हाचे दिवस आहेत, असं होतं. दीपिका सुट्टी काढून आली आहे.

११ मे

गोकुळा आज सकाळी गेली. चहा मागितला होता. मी ठेवला होता.

१५ मे

दीपिका म्हणाली, आत्याला कळवू का? मी म्हटलं नको. तिने कळवलंच. शकुबाई म्हणाली म्हणे, "त्यानं बलावलं तर येईन." मी बोलावलं नाही.

गाडी अंगणात उभी आहे. सकाळी उठून चारी चाकांतली हवा पाहिली. बरोबर आहे. कुठे जायचं नाही.

२३ मे

आज तेरवी झाली. मूलहून अन्नपूर्णाबाई आल्या होत्या. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि रडत म्हणाल्या, "भाऊ, गोकुळाबाईनं माहा पितळी गंज आणून देला न, जवसाची चटणी भरून, तवाच मी समजली."

"कोणता गंज?"

"आलापल्लीले असताना नेला होता तिनं. कितीक वर्सं झाले. मीच भुलली होती. तुमाले नाई सांगतलं? गोविंदाच्या घरचे दोन गंज होते, परात होती. समदं भरूभरू देलं."

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, हे मला माहीत आहे. कुणाचं भांडं घरात ठेवून जाऊ नये, असं माझी माय म्हणायची, तेही माहीत आहे. जाऊ नये, म्हणजे कुठे जाऊ नये, तेही माहीत आहे. त्या पिशव्या मी डोळ्यांनी पाहिल्या. मला फक्त उशीर होत होता.

अन्नपूर्णाबाईला कळलं, गोविंदाला कळलं. दीपिकाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी दीपिकाला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "आई म्हणे, बाबाले गाडी चालवाची हाये. त्याहीचे हात कापले तर कसं होईन?"

२४ मे

सकाळी गाडीची मधली सीट उचलली.

तिची औषधं तशीच होती. रिपोर्ट होते. एक लुगडं होतं. त्यामागे, कोपऱ्यात, एक पितळी डबा. तो मी लगेच ओळखला. माझ्या पहिल्या पगारात शकुबाईच्या लग्नात दिला होता, झाकणावर कोरून घेतलं होतं, 'शकुबाईस, धनराजकडून'. मायच्या तेरवीला मी ताटावरून उठलो, तेव्हा शकुबाईने मागच्या दाराने गोकुळाच्या हातात भात-वडे भरून हाच डबा दिला असणार. रागावलेल्या भावालाही उपाशी जाऊ दिलं नव्हतं तिने. गोकुळा तो इतकी वर्षं सांभाळत आली आणि माझ्यासमोर कधी काढला नाही.

उघडला. काठोकाठ लाखोळीची डाळ.

डब्याला पुढे कडी आहे. मी डबा हलवला. किणकिण वाजली.

म्हणजे बुश नव्हते. शॉकअप बसले नव्हते. पवन म्हणत होता तेच खरं होतं, बुश मजबूत होते. एकेक भांडं घरी पोचत होतं आणि एकेक आवाज कमी होत होता, आणि मी दर वेळी पवनला फोन लावून फुशारकी मारत होतो. ती मागे बसून हसत होती. हसू दे. तेवढं तरी माझ्यामुळे हसली.

पण चिमूर राहिलं. ते तिने मागितलं होतं, एवढंच एक. मी अंगणात गाडीच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडलो. दीपिका आतून आली नाही, मला रडू दिलं.

२ जून

आज चिमूरला गेलो. दीपिका सोबत येते म्हणाली, मी एकटाच निघालो.

रस्ता मी सांगत होतो तेवढा वाईट नाही. ब्रेकर आहेत. प्रत्येकावर चाक चढताना ब्रेक सोडला, मागे कुणी नसताना.

शकुबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. गुडघे गेलेत तिचे. आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उन्हावर हात धरून म्हणाली, "कोण व्हय?"

"मी, बाई. धनराज."

मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिने झाकणावर बोट फिरवलं, मग उचलून पाहिला.

"भरून?"

"तिनं भरला होता."

तिने डाळ सुपात ओतली. हाताने पसरली आणि हात त्यातच ठेवला. "लाखोळी. माह्या ध्यानात नाई राहत, अन् तिच्या ध्यानात होतं मले काय आवडते ते." मग तिचा बांध फुटला. "एकदा आणाची होती रे तिले. एकदा."

"ती म्हणत होती, बाई. दर खेपेला म्हणत होती. मीच नाई वळलो."

मला वाटलं आता ती तेच वाक्य म्हणेल, गाडीचं. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिने माझा हात धरला, भावाचा धरतात तसा, मनगटाला, आणि म्हणाली, "जेवला का?"

जेवलो. निघताना भिंत धरत धरत ती आत गेली. डबा पुसून, तांदूळ भरून घेऊन आली.

"बाई, डबा तुहाच हाये. मी द्याले आलो होतो."

"माहाच हाये. म्हणूनच तर. आता आणून देजो."

डबा कुठे ठेवावा कळेना. पुढच्या सीटवर ठेवला, मग उचलला. शेवटी मधल्या सीटखाली, तिच्या जागेवर, त्याच कोपऱ्यात ठेवला.

जंगल असेपर्यंत चाळीसने आलो. मूलच्या अलीकडे दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या मोकळ्या झाल्या, पुढे रस्ता सरळ, कुणी नाही. साठ केले. काही नाही. सत्तर. वाटलं तांदळाने डबा जड झालाय, आता वाजायचा नाही. हात स्थिर ठेवले, पाय हळूच दाबला. ऐंशीवर गेली तशी मागे किणकिण सुरू झाली.

मी काच वर केली, म्हणजे नीट ऐकू येईल.